पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) उत्खनन करताना गाव सोबत कसं घ्यावं

टिकाव पडण्याच्या महिनाभर आधी ग्रामसभेत जा. परवान्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शेतमालकाशी पिकाच्या भरपाईचं लेखी ठरवा. खड्डे कुठे घेणार आणि कधी बुजवणार, हे गावनकाशावर दाखवा. गुप्तधनाची कुजबुज सुरू झाली की रात्रीतून खड्डे उकरले जातात आणि कुठली वस्तू कुठल्या काळातली हे सांगणारे मातीचे थर कायमचे जातात. नुसता पहारा पुरत नाही. रोज संध्याकाळी त्या दिवशी निघालेलं सगळं टेबलावर मांडा: खापरं, हाडं, मणी, जळके दाणे. सोनं नाही, हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.

१९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागी धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले ते झुडपाच्या मुळाशी खणणाऱ्या गावकऱ्याला. म्हणून प्रत्येक घरी सांगा: काही लागलं तर उचलू नका, घासू नका, जागेचा फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा.

बघायला येणाऱ्यांचे आठ-दहा जणांचे गट करा. साधारणपणे ५ मीटरच्या चौकोनात चारी बाजूंनी अर्धा मीटर माती सोडतात, म्हणजे शेजारच्या दोन खड्ड्यांमध्ये १ मीटरची भिंत उरते. तिच्यावर कुणी उभं राहिलं की कड ढासळते आणि थरांचा पुरावाच पडतो. कडेपासून मीटरभर अंतरावर दोरी बांधा.

हौशी लोकांना पहिल्या दिवशी खुरपी देऊ नका, खापरं धुवायला बसवा. एका वेळी एकच पिशवी उघडायची. तिची चिठ्ठी (खड्डा, थर, खोली, तारीख) टोपलीत खापरांबरोबरच राहिली पाहिजे. मऊ ब्रश, साधं पाणी, सावलीत वाळवण. काळ्या रंगाची नक्षी सुटत असेल किंवा आतल्या बाजूला जळकं काही चिकटलेलं असेल, तर ते खापर न धुता बाजूला ठेवा. सगळ्यात मोठं नुकसान चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीनं होतं. कुठल्या थरातलं हे कळलं नाही, तर सुंदर खापरही जवळजवळ निरुपयोगी.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात प्राचीन घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत लहान मुलांची दफनं मिळाली. असं काही निघालं तर आधी गावातल्या जाणत्यांशी बोला, मगच शाळेची सहल येऊ द्या. फोटो त्यांच्या संमतीशिवाय पसरवू नका.

बुजवताना तळाला प्लास्टिकचं कापड घाला, म्हणजे पुढे खणणाऱ्यांना आपण किती खोल गेलो ते कळेल. मग दोन पानी मराठी अहवाल शाळेत आणि ग्रामपंचायतीत द्या. तो छापील अहवालाची वाट बघत अडवून ठेवू नका.