आयर्विनचा आकडा आणि आपला उंबरठा

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसावर ठरत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाने ठाण मांडले की कृष्णा आणि कोयना फुगतात, कराडला प्रीतिसंगमावर एक होतात आणि तेच पाणी पुढे सांगलीकडे येते. त्यामुळे शहरात उघडीप असतानाही नदी चढत राहू शकते. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी धरण भरत आलेले असताना मुसळधार पाऊस झाला, तर येणारे पाणी धरून ठेवायला जागा उरत नाही. शिवाय धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी कोणताच दरवाजा अडवत नाही, म्हणून केवळ विसर्गाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. दुसरी बाब फुगीची आहे. हरिपूरजवळ वारणा आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. त्याही दुथडी भरलेल्या असतील, तर कृष्णेचे पाणी पुढे लवकर सरकत नाही आणि काठावर पसरते.

या साऱ्याचा परिणाम सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीत दिसतो. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तर जुलै २०२१ मध्ये ते सुमारे ५५ फुटांपर्यंत पोहोचले. मात्र सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या सखल भागात पाणी धोका पातळीच्या आधीच शिरते, म्हणून प्रत्येक घराने आपला आकडा स्वतः काढून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी भिंतीवरची २०२१ ची पाण्याची खूण शोधावी. ती आपल्या उंबऱ्यापेक्षा ४ फूट उंच असेल, तर आयर्विनला साधारण ५१ फूट झाल्यावर पाणी आपल्या दारात येईल, असा अंदाज बांधता येतो. खूण शेजारच्या घरावर असेल, तर गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती उंची आपल्या भिंतीवर आणता येते. मग हीच मोजणी घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या सर्वांत खोलगट जागेसाठी करावी, कारण बहुतेक वेळा घर कोरडे असतानाच वाट बंद होते. निघण्याचा आकडा हा वाटेचा असावा आणि त्यातूनही दोन-तीन फूट आधीचा धरावा, कारण प्रत्येक पूर सारखा पसरत नाही. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. रस्ता चालू असताना निघालेल्या माणसाला बोटीची वाट पाहावी लागत नाही.

आयर्विनची पातळी ठरावीक वेळाने लिहून ठेवावी. दोन नोंदींतील फरकावरून हाती किती वेळ आहे हे कळते. जनावरे सर्वांत आधी हलवावीत, कारण त्यांना चारा आणि जागा दोन्ही लागतात. ते जमलेच नाही, तर निदान दावी सोडावीत. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि नियमित औषधे घेणारे यांना अंधार पडण्यापूर्वी पाठवावे. निघताना विजेचा मुख्य स्विच आणि गॅस बंद करावा.

परतल्यावर साप-विंचवांकडे लक्ष द्यावे आणि वायरिंग तपासून घेतल्याशिवाय वीज सुरू करू नये. गाळ काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत, ती पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. विहिरीचे पाणी निर्जंतुक करून तपासले जाईपर्यंत पिण्यासाठी वापरू नये, आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. त्यानंतर ताप आलाच, तर तो अंगावर न काढता डॉक्टरांना पुराच्या पाण्यात वावरल्याचे आवर्जून सांगावे, कारण अशा दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजारावर लवकर उपचार होणे गरजेचे असते.