जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा का?

गणपती जवळ आले की इंदूरच्या रामबागेत आरतीसाठी माळ्यावरचे अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरतात आणि नेमका एक स्पीकर मुका निघतो. कारागिराकडे धावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलून लावा. आता दुसरा स्पीकर मुका झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्यात आवाज आणणाऱ्या वायरीचा. तोच राहिला, तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. एवढं कळलं तरी दुकानात कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर बहुधा आत धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने, म्हणजे विजेचे सांधे साफ करणाऱ्या स्प्रेने, काम भागतं. सतत घूंऽऽ येत असेल तर बरेचदा कपॅसिटर, म्हणजे आतले वीज साठवणारे भाग, वाळलेले असतात. ते बदलता येतात. स्पीकरच्या कडेचा फोम झडला तरी नवा बसतो. ही कामं जरूर करून घ्या. ट्रान्सफॉर्मर जळला किंवा साउंडबारचं बोर्डच गेलं, तर आधी खर्च विचारा. नव्याच्या निम्म्यापुढे आकडा गेला, तर माझ्या मते नवाच घ्यावा.

झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरू शकते.