कपाळावरची केसांची रेषा: कमीत कमी व्रण ठेवून प्रत्यारोपण कसे करून घ्यावे

केस प्रत्यारोपणाच्या जाहिराती 'एकही व्रण राहणार नाही' असे बेधडक सांगतात. ते खरे नाही. त्वचेला छेद गेला की व्रण राहतोच, मग तो सुईच्या टोकाएवढा असो किंवा कानामागून कानामागे जाणारा. रुग्णाच्या हातात असते ते एवढेच, की हा व्रण कुठे पडावा, किती मोठा असावा आणि कशाखाली झाकला जावा, हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरवून घ्यावे. कोकणातून मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला जाऊन हे काम करून घेणाऱ्यांनी त्यासोबत वर्षातला महिनाही ठरवावा, कारण दमट हवा, खारे पाणी आणि माथ्यावरचे ऊन ताज्या जखमेला मानवत नाही.

पहिली पायरी निदानाची आहे आणि ती वगळू नये. पुरुषांमध्ये आनुवंशिक कारणाने पडणाऱ्या टकलात पुढचे केस जातात, पण डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या केसांची मुळे टिकून राहतात. ती मुळे उचलून पुढे लावली तरी आपला मूळ गुण सोडत नाहीत. न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्रिच यांनी १९५९ साली ही गोष्ट मांडली आणि आजचे सगळे प्रत्यारोपण तिच्यावरच उभे आहे. मात्र कपाळ मागे सरकण्याची कारणे इतरही असतात. चाई असेल, किंवा मुळांचाच नाश करणारा लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखा आजार चालू असेल, तर लावलेले केसही तो आजार खाऊन टाकतो. स्त्रियांमध्ये वर्षानुवर्षे घट्ट ओढून घातलेल्या वेणी-अंबाड्यामुळे कानशिलांजवळचे केस जातात. तिथे आधी ताण थांबवावा लागतो, प्रत्यारोपणाचा विचार नंतर. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाकडून डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, तपासणी करून घ्यावी आणि शंका उरल्यास त्वचेचा बारीक तुकडा तपासायला द्यावा. याच भेटीत कान टोचल्याची जागा, जुन्या टाक्यांच्या खुणा आणि दंडावरचा लसीचा व्रण डॉक्टरांना दाखवावा. त्यांपैकी एखादा व्रण फुगून जाड झालेला असेल, तर डोक्यावरही तसेच होण्याचा धोका असतो आणि मग शस्त्रक्रियेचा फेरविचार करणेच शहाणपणाचे.

व्रणाचा आकार पद्धतीवर ठरतो. एफयूटी पद्धतीत डोक्याच्या मागून साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढतात, जागा टाक्यांनी शिवतात आणि पट्टीतली मुळे सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करतात. मागे एक लांब रेघ राहते. शिवताना कडेची त्वचा बारीक तासून केस रेघेतूनच उगवतील अशी व्यवस्था कुशल सर्जन करतात, तरीही केस अगदी बारीक कापले की रेघ दिसते. एफयूई पद्धतीत पंचाने, म्हणजे त्वचेत गोल छेद घेणाऱ्या बारीक पोकळ हत्याराने, एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, सुटा काढला जातो. तिथे रेघ राहत नाही, पण शेकडो ठिपके राहतात आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर ते पांढरट दिसतात. म्हणून पंचाचा व्यास आवर्जून विचारावा. ०.८ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरचा पंच घेतला, तर प्रत्येक जखमेचे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते. सलूनमध्ये मशीन फिरवून केस बारीक ठेवण्याची सवय असेल त्याने एफयूई घ्यावी. केस वाढवणाऱ्याला एफयूटीचे वावडे असण्याचे कारण नाही.

पण माझ्या मते पंचापेक्षाही मोठा प्रश्न काटकसरीचा आहे. मागच्या केसांचा साठा संपणारा आहे आणि तिथून काढलेले मूळ तिथे पुन्हा येत नाही. एकाच पट्ट्यातून दाटीने ग्राफ्ट उपसले, तर मागचा भाग कसर लागल्यासारखा विरळ दिसू लागतो आणि तो दोष झाकायला पुढे काही उरत नाही. ग्राफ्ट संपूर्ण सुरक्षित भागातून, म्हणजे जिथले केस टिकतात त्या मागच्या आणि बाजूच्या सगळ्या भागातून, विखरून काढले जाणार आहेत ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे. एका बैठकीत जास्तीत जास्त ग्राफ्ट काढून देण्याची बढाई मारणाऱ्या दवाखान्यापासून दूर राहिलेले बरे.

आता रेषेविषयी. विशीतल्या तरुणाला शाळेतल्या फोटोतली रेषा परत हवी असते आणि पैसे मिळत असल्याने ती काढून देणारेही भेटतात. परंतु टक्कल पुढेही वाढत राहते. खाली आणलेली दाट रेषा तशीच राहते, तिच्यामागचे केस जातात आणि पन्नाशीत कपाळावर एक विचित्र बेट उरते. प्रौढ पुरुषाची रेषा दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साधारण ७ ते ८ सेंटिमीटर वर, म्हणजे ढोबळ मानाने चार बोटांच्या अंतरावर असावी आणि दोन्ही कोपऱ्यांत थोडी मागे वळलेली असावी. स्त्रियांची रेषा याहून खाली आणि गोलाकार असते. डॉक्टर पेनाने रेषा आखतील तेव्हा झोपून नव्हे, तर बसून, आरसा डोळ्यांसमोर धरून ती पाहावी, समोरून आणि बाजूने फोटो काढावेत आणि मान्य होईपर्यंत भूल घेऊ नये. अगदी पुढच्या दोन-तीन ओळींत एकेरी केसांचेच ग्राफ्ट हवेत, तेही थोडे मागेपुढे आणि केस पुढे झुकतील अशा तिरक्या कोनात; दोन-तीन केसांचे पुंजके त्यांच्या मागे यावेत. ग्राफ्ट खोल बसला तर तिथे खळगा पडतो, वर राहिला तर बारीक उंचवटा दिसतो. कपाळावरचे व्रण यातूनच होतात आणि ते झाकायला तिथे काहीही नसते. दाटीचा हट्टही धरू नये. समजा, ४५ चौरस सेंटिमीटरची जागा भरायची आहे, तर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट या हिशेबाने १८०० पुरतात. केसांची निम्मी दाटी गेली तरी ती सहसा नजरेत भरत नाही, म्हणून मूळ दाटी गाठण्याची गरज नसते.

हे काम कोण करणार, याची चौकशी लाजेखातर टाळू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले, की केस प्रत्यारोपण रीतसर शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावे. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही. पंच कोण चालवणार, छेद कोण घेणार आणि सर्जन किती वेळ खोलीत असणार, हे विचारावे आणि त्या राज्याच्या वैद्यक परिषदेतली नोंदणी पडताळून पाहावी. जुन्या रुग्णांचे फोटो पाहायचे तर केस ओले करून मागे विंचरलेले आणि डोक्याची मागची बाजू बारीक कापलेली असे मागावेत. फुगवून सजवलेल्या केसांच्या फोटोवरून काहीच कळत नाही. दर ग्राफ्टमागे आहे की केसामागे, हे लेखी घ्यावे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरावे.

महिना ठरवताना आपला धंदा पाहावा. आंबा बागायतदाराने मार्च ते मे हा काळ मनातही आणू नये. उन्हात झाडावर चढणे आणि डोक्यावर क्रेट वाहणे ताज्या ग्राफ्टला घातकच. पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे, थंड दिवस सर्वांत सोयीचे. मासेमारी करणाऱ्यांना मात्र १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळातच सवड मिळते. त्यांनी तो काळ घ्यायला हरकत नाही, फक्त पहिले दहा-बारा दिवस पावसात भिजायचे नाही. लग्न किंवा गणपतीत चारचौघांत मिरवायचे असेल, तर किमान वर्षभर आधी सुरुवात करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर निदान दोन आठवडे विडी-सिगारेट बंद ठेवावी. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, हे विसरू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये, ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनाच विचारावे. शस्त्रक्रियेच्याच दिवशी रात्रीच्या बसने आंबा घाट उतरून घरी परतण्याची घाईही नको. झोपेत डोके खिडकीवर आपटले की ग्राफ्ट निसटतात. दोन रात्री तिथेच राहून पहिल्यांदा डोके दवाखान्यातच धुऊन घेतले तर घरी कसे धुवायचे तेही कळते.

घरी आल्यावर पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखे झोपावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज येते, ती काही दिवसांत उतरते. विहिरीचे पाणी, विशेषतः पावसाळ्यातले गढूळ, उकळून गार केल्याशिवाय डोक्याला लावू नये. शाम्पूचा फेस तांब्यात करून तो अलगद वर ठेवावा, काही मिनिटांनी पाणी हळूहळू ओतावे आणि टॉवेल घासू नये. खपल्या नखाने काढू नयेत. साधारण आठ ते दहा दिवसांत त्या आपणच सुटतात आणि तोवर ग्राफ्ट घट्ट धरलेला असतो. त्या काळात खोबरेल तेल आणि हेल्मेट दूर ठेवावे, आणि समुद्रात पोहणे महिनाभर टाळावे.

दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मुळे आत शाबूत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक केस येऊ लागतात आणि खरा निकाल बारा महिन्यांनीच पाहावा. मूळचे केस राखण्यासाठी डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड सुचवले, तर ते दीर्घकाळ घ्यावे लागते. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, त्यामुळे ते सल्ल्याशिवाय सुरू करू नये, आणि गरोदर स्त्रियांनी त्याच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. मागचा व्रण जाड होऊ लागला तर लवकर दाखवावा, कारण सुरुवातीला स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तो बऱ्याचदा बसतो. पांढरट ठिपके खटकत असतील, तर वर्ष उलटल्यावर त्यांत रंगद्रव्य भरून घेता येते. त्याआधी सलूनमध्ये मशीन लावायला सांगताना मोठ्या नंबरापासून सुरुवात करावी आणि ठिपके दिसू लागतील त्याच्या एक नंबर वर थांबावे.