गाडी आधी खालून बघा

मयेहून पणजीला ऑफिसला जाताना मी चोडणची फेरीबोट घेते. भरती असली तर काही जाणवत नाही. ओहोटीला मात्र फेरीचा रॅम्प आणि धक्क्याचा उतार यांच्यात असा कोन होतो, की बुटक्या गाडीचा बंपर खरडल्याशिवाय राहत नाही. आमच्या पहिल्या हॅचबॅकच्या बंपरची खालची कड तिथेच सोलून निघाली. त्यात माझं माहेर बेळगाव. म्हणजे वर्षातून सात-आठ वेळा साखळी, केरी करत चोर्ल्याचा घाट. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. आणि परतताना आईने दिलेला कुंदा, मांडे, तांदळाची पिशवी.

उंच गाडी, म्हणजे छोटी एसयूव्ही, हवी यावर घरात दुमत नव्हतं. कोणती घ्यायची, आणि नवी की सेकंडहँड, हे ठरवताना मात्र आम्ही एकदा चांगलेच फसलो. दुसऱ्या वेळी नीट शोधून घेतली. तेव्हापासून नात्यातल्या चार-पाच जणांबरोबर गाड्या बघायला गेले आहे. जे शिकले ते इथे लिहिते.

सुरुवात शोरूममध्ये नाही, घराच्या वाटेवर करा. आमच्याकडे येणारी वाट चिऱ्याच्या दोन गडग्यांमधून येते. टेप लावून मोजली तर अरुंद जागी जेमतेम सात फूट, म्हणजे साधारण २१३० मिलिमीटर. ब्रोशरमध्ये गाडीची रुंदी बहुधा आरसे सोडून लिहितात. मारुतीची ब्रेझा १७९० मिलिमीटर रुंद, टाटाची पंच १७४२. आरसे उघडले की दोन्हीकडचे मिळून वीतभर वाढतात. म्हणजे ब्रेझाला आमच्या वाटेत दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं उरतात. दिराला ह्युंदाईची क्रेटा फार आवडली होती. ती ४.३ मीटर लांब आहे, आणि त्याच्या फाटकासमोरच काटकोनात वळण आहे. मी त्याला आधी एका मित्राची क्रेटा आणून वळवून बघायला सांगितलं. तीन वेळा मागे-पुढे करावं लागल्यावर त्याने स्वतःच तो विचार सोडला.

चार मीटरच्या आतल्या गाड्यांची इतकी गर्दी का, तेही समजून घ्या, कारण त्यावर किंमत ठरते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचा कर कमी झाला. तेव्हापासून कंपन्या गाडी ३९९५ मिलिमीटरवर आणून थांबवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापात बसणाऱ्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्याबाहेरच्यांना ४०. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक, पंच या मापात बसतात. ब्रेझा लांबीने बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. याचा सेकंडहँड घेणाऱ्याला थेट उपयोग आहे. काही विकणारे अजून कर उतरण्याआधीच्या जुन्या किमतीवरून हिशोब सांगतात. तुम्ही आजची नवी ऑन-रोड किंमत विचारून घ्या आणि तिथून खाली मोजा. तीन वर्षांच्या गाडीत आणि नव्या गाडीत दीड-दोन लाखांचाच फरक उरत असेल, तर मी नवी घेईन.

माझ्या मते तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची गाडी सगळ्यात फायद्याची. विम्याच्या कोष्टकात तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीची किंमत ४० टक्क्यांनी उतरलेली धरतात. बाजारात लोकप्रिय गाडी तेवढी उतरत नाही, पण घासाघीस करताना हा आकडा हाताशी असलेला बरा. आणि २०२० च्या एप्रिलनंतरची बघा, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांत बसणारी बीएस६ गाडी मिळेल. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ नंतर बनलेली असेल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची चिंता नाही.

आता इंजिन. इथे घाई करू नका.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. त्यातून काहीही कळत नाही. घरची पाच माणसं बसवा, एसी लावा, आणि चढावर गाडी थांबवून परत उचला. चोर्ल्यापर्यंत नेता आली नाही तर पर्वरीचा चढ तरी घ्या. १.२ लिटरचं टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन भरल्या गाडीने घाटात सतत दुसऱ्या गिअरची मागणी करतं. एकटं-दुकटं म्हापसा-पणजी करणाऱ्याला ते पुरेसं आहे, आणि दुरुस्तीलाही सोपं. टर्बो असेल तर चढाचं वळण संपताना पाय दाबल्यावर ताकद यायला किती वेळ लागतो ते बघा. अंजुणे धरण खाली दिसू लागतं त्या टप्प्यात समोर ट्रक असतो, आणि ओव्हरटेकला मिळतात जेमतेम काही सेकंद.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर आतली जात विचारा. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. ती स्वस्त असते, पण चढावर मागे घसरू शकते, म्हणून हिल होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय) असलेलीच घ्या. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. त्यातला ड्राय क्लचवाला, म्हणजे क्लच तेलात नसलेला, ट्रकच्या मागे चढावर इंच-इंच सरकताना तापतो. तेलातून ताकद पोचवणारा साधा टॉर्क कन्व्हर्टर मला घाटासाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो.

डिझेलबद्दल एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. बीएस६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून बराच वेळ सलग, चांगल्या वेगाने पळावी लागते. माझा रोजचा प्रवास म्हणजे धक्क्यापर्यंत हळूहळू जायचं, फेरीत इंजिन बंद, पुन्हा चालू, की पणजीचं ट्रॅफिक. अशा वापरात ती जाळी तुंबते. रोज मडगाव-पणजी हायवे करणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावं. आमच्यासारख्यांनी पेट्रोल घ्यावं, आणि अंगणात गाडी लागत असेल तर इलेक्ट्रिकचा नक्की विचार करावा. सगळा गोवा उत्तर-दक्षिण शंभर-एक किलोमीटरचा, म्हणजे रोजच्या वापरात बॅटरी संपायची भीती नाही. सेकंडहँड इलेक्ट्रिक घेताना बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती उरते, ते कंपनीकडून लेखी घ्या.

सुरक्षेवर पैसे वाचवू नका. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून बघणाऱ्या चाचणीत पाच तारे मिळाले, एक्सयूव्ही३०० ला जानेवारी २०२० मध्ये. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. सेकंडहँडमध्ये मात्र ताऱ्यांबरोबर व्हेरिअंटही बघा. सात-आठ वर्षांपूर्वीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बहुतेक नसतं. जुलैत घाटाच्या ओल्या वळणावर पाचोळ्यावरून चाक सरकतं, तेव्हा गाडीला सरळ धरणारी गोष्ट तीच. मोठ्या स्क्रीनच्या व्हेरिअंटपेक्षा ईएससीचं व्हेरिअंट शोधा.

आता आमची फसगत. २०१७ मध्ये एका ओळखीच्या विक्रेत्याकडून आम्ही दोन वर्षांची गाडी घेतली. गाडीच्या कंपनीचा त्यात काही दोष नव्हता, म्हणून नाव घेत नाही. वरून नव्यासारखी, सीटवर ताजं कव्हर, आत सुगंधी फवारा. दुसऱ्या पावसाळ्यात मागून खडखड येऊ लागली. डिचोलीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. सस्पेन्शनच्या आर्मला त्याने स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर गंजाचे पापुद्रे निघाले. सीटखालच्या पट्ट्यांत वाळू होती. ती गाडी किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात चालवलेली होती. नंतर पहिल्या वर्षीची विमा पॉलिसी मिळवली, तेव्हा कळलं की ती आधी रेंट अ कॅब होती. दुरुस्तीला ४७,००० रुपये गेले. सासूबाईंनी त्यांच्या फिक्स डिपॉझिटमधले काढून दिले होते, म्हणून ते अजून मनाला लागतं.

गोव्याबाहेरच्यांना हे लवकर कळत नाही. इथे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या पर्यटक स्वतः चालवायला भाड्याने घेतात. काही वर्षांनी त्यातल्या काही प्रायव्हेट करून विकल्या जातात, पाटी पांढरी होते. ही फसवणूक नव्हे, कायदेशीर आहे. चांगल्या निगुतीने राखलेल्या अशा गाड्याही असतात. पण किंमत तशी कमी हवी, आणि गोष्ट आपल्याला आधी माहीत हवी. म्हणून सगळ्या जुन्या आरसी आणि अगदी पहिल्या वर्षापासूनच्या पॉलिसी मागा. पहिलीच पॉलिसी व्यावसायिक असेल तर उलगडा झाला. कागद देत नसतील तर चारही चाकांच्या रिमच्या कडा बघा. घरचा माणूस एखादं चाक घासतो, भाड्याच्या गाडीची बहुतेक चारही घासलेली असतात.

मग खालून बघणं. हे सकाळी, उन्हात करा, आणि आदल्या दिवशी गाडी धुऊ नका म्हणून सांगा. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवायला विक्रेता तयार नसेल तर तिथूनच परत या. खाली लाल माती असणं वाईट नाही. आमच्या डिचोली-सत्तरीत प्रत्येक गाडीला असते, धुतली की जाते. काळजी करायची ती पापुद्रे सुटलेल्या गंजाची: सस्पेन्शनच्या जोडांवर, ब्रेकच्या नळ्यांवर, सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर, दारांच्या खालच्या कडेला. खाली सगळीकडे काळाकुळकुळीत ताजा रंग मारलेला असेल तर जास्तच सावध व्हा, तो गंज झाकायलाही मारतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सहसा कोणी न ओढलेल्या शेवटच्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ राहते. डिकीतली मॅट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा, पुढचा गालिचा कोपऱ्यात उचलून खाली हात लावा, सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेत का बघा. वास घ्यायचा तर काचा बंद करून उन्हात दहा मिनिटं थांबलेल्या गाडीचा घ्या.

टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटर २५ हजार दाखवतंय आणि टायर २०२४ चे, तर विचारा का बदलले. बोनेट उघडून मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग बघा. पाना लागलेला असेल तर तो भाग कधीतरी निघालेला आहे.

कागदांत आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच पासिंगची गाडी सावंतवाडीकडे स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी, फॉर्म २८ आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तो किमतीत धरू नका. रंग, स्पीकर, अलॉय यांवर मी काही सांगत नाही, आवडेल ते घ्या.

सनरूफबद्दल मात्र सांगते, कारण मुलांचा हट्ट असतो. आमच्या अंगणात फणस आणि आंबा आहे. सनरूफच्या कडेच्या पन्हळीतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्याने तुंबतात, आणि मग पाणी छताच्या कापडातून आत उतरतं. झाडाखाली गाडी लागत असेल तर सनरूफ नसलेलं व्हेरिअंट शोधा.

२०२३ मध्ये आम्ही २०२१ ची ब्रेझा घेतली, १.५ पेट्रोल, मॅन्युअल, म्हापशातल्या एका निवृत्त शिक्षकांची. लिफ्टवर चढवली तेव्हा मेकॅनिकने पुढचे ब्रेक पॅड आणि दोन टायर असा खर्च काढला. आम्ही तो त्यांना दाखवला, त्यांनी १४,००० रुपये कमी केले. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी खालून धुऊन, पूर्ण वाळवून अँटी-रस्ट मारून घेतलं. आता दर मे महिन्याच्या शेवटी दारांच्या खालची पाणी जायची भोकं काडीने साफ करते, विंडशील्डखालचा पाला काढते, आणि उंदरांनी वायर कुरतडल्या नाहीत ना, हे बघायला बोनेट उघडते. तुमची गाडी नवी असली तरी पहिल्या पावसाआधी हे करा.