जुना फेरफार रेकॉर्ड रूममधून कसा काढायचा

‘आजोबांच्या नावचा फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) पाहिजे’ एवढ्यावर रेकॉर्ड रूममध्ये काही सापडत नाही. मी तहसील कार्यालयात अभिलेखपाल होतो, आणि अर्ज घेऊन येणाऱ्या बहुतेकांना पहिल्यांदा हेच सांगावं लागायचं. तिथले कागद माणसांच्या नावांनी लावलेले नसतात. गाव, नमुना (म्हणजे नोंदवहीचा प्रकार) आणि साल पाहून गठ्ठे रुमालात बांधलेले असतात. म्हणून अर्जाआधी कागदाचा पत्ता काढा.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. खातेदाराच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. संगणकीकृत उताऱ्यावर ‘जुने फेरफार क्र.’ असा वेगळा रकानाही असतो. हे सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. त्यातला सर्वांत जुना फेरफार वाचला, की नाव वारसाने लागलं, खरेदीने की वाटणीने ते कळतं आणि त्याआधी जमीन कोणाच्या नावावर होती तेही कळतं. मग त्या माणसाचा जुना सातबारा, त्यावरचे आकडे, पुन्हा मागचा फेरफार. असं एकेक पायरी मागे जायचं. थेट पन्नास-साठ वर्षं मागे उडी मारणारे लोक मध्येच वाट चुकतात.

सर्वांत जास्त घोळ गट नंबरात होतो. 1947 च्या कायद्याने जिथे एकत्रीकरण योजना, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट करण्याची योजना, राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्याकडे गट नंबर आहे आणि हवा असलेला कागद योजनेच्या आधीचा आहे, तर त्या कागदावर गट नंबर असणारच नाही. आधी भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गटवारीचा उतारा घ्या आणि जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर मिळवा. मोजणीची टिपणं (जुनी मोजमापं) आणि फाळणी (हिश्श्यांची मोजणी) हेही तिथेच मिळतात, तहसीलमध्ये नाही. खरेदीखत मात्र दुय्यम निबंधकांकडे.

पत्ता हाती आला की आधी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहा. बरेच जुने अभिलेख स्कॅन झाले आहेत. तिथे नसेल तर कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज द्या. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे साल लिहा, आणि ‘साक्षांकित नक्कल’ हे शब्द घाला. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, कारण पुढची सगळी विचारपूस त्याच क्रमांकावर होते.

कधी उत्तर येतं, ‘कागद सापडत नाही’. तोंडी उत्तरावर परत फिरू नका, लेखी मागा. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, बाकीचे त्याहून कमी मुदतीचे. फेरफाराची नोंदवही कायम जपायची असते. त्यामुळे ‘नष्ट केली’ हे उत्तर मान्य करू नका. नष्ट केलेल्या कागदांची यादी कार्यालयाने ठेवायची असते, ती दाखवा म्हणा. तरीही दाद लागली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि नकलेबरोबर अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्यातच लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. गठ्ठा स्वतः पाहायला मिळाला, की पुष्कळदा शेजारच्या गावाच्या रुमालात चुकून बांधलेला कागद निघतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून तपासणीचा आग्रह धरतो.

फार जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर नक्कल आहे तशीच घ्या आणि लिप्यंतर नंतर मोडी जाणकाराकडून करून घ्या.

नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. मंडळ अधिकाऱ्याचा मंजुरीचा शेरा झेरॉक्समध्ये कापला गेलेला नाही ना, प्रत्येक पानावर सही-शिक्का आहे ना, अर्जाची आणि नक्कल दिल्याची तारीख पडली आहे ना, ते पाहा. कमी असेल ते त्याच वेळी दुरुस्त करून मागा.