बर्लिनमध्ये तिकीट काढलंत, पण शिक्का मारलात का?

बर्लिनच्या मेट्रो स्टेशनात शिरताना पुण्या-मुंबईच्या मेट्रोसारखं अडवणारं फाटक नसतं. सरळ फलाटावर जाता येतं, त्यामुळे तिकीट काढलं की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. मशिनमधून आलेल्या कागदी तिकिटावर आधी शिक्का मारून घ्यायचा. त्यासाठी फलाटावरच एक छोटी पेटी असते. तिच्या फटीत तिकिटाचं टोक सरकवलं की खट्‌कन आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. बस-ट्राममध्ये ही पेटी गाडीच्या आत असते. तिकिटावर शिक्का आधीच छापलेला असेल तर प्रश्नच नाही, पण तो डोळ्यांनी पाहून घ्या. तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात, शेजारी बसलेला जीन्सवालाही निघू शकतो. दंड 60 युरो. 'मी इथे नवीन आहे हो' या सबबीवर फारशी भिस्त ठेवू नका.

बर्लिनचं तिकीट ए, बी, सी अशा भाडे-विभागांनुसार असतं. विमानतळावर उतरलात तर एबी तिकीट स्वस्त दिसलं तरी एबीसीच घ्या, कारण विमानतळ सी विभागात येतो. शहरात फिरायला मग एबी पुरतं. शेजारच्या पॉट्सडॅम शहरातले राजवाडे बघायचे असतील त्या दिवशी पुन्हा सी लागेल.

साधं तिकीट 2 तास चालतं. गाड्या हव्या तेवढ्या बदला, पण त्यावर उलटं परत येता येत नाही. जवळच जायचं असेल तर मशिनवर 'कुर्त्सश्ट्रेके', म्हणजे कमी अंतराचं तिकीट, शोधा: मेट्रोने 3 स्थानकं, बस किंवा ट्रामने 6 थांबे.