प्रोपेन जनरेटर घेऊन रानात निघण्याआधी

अमेरिकेत, यूटातल्या मोॲबच्या लाल वाळवंटात किंवा कोलोरॅडोत यूरेच्या वरच्या कच्च्या घाटरस्त्यांवर प्रोपेनचा जनरेटर रुसतो, तेव्हा इंजिनात बिघाड क्वचितच असतो. गॅस कमी भरलेला असतो, व्हॉल्व्ह झटक्यात उघडलेला असतो, नाहीतर समुद्रसपाटीवरच्या वॅटांचा हिशेब आठ हजार फुटांवर लावलेला असतो. म्हणून तयारी सिलिंडरपासून सुरू करा, तीही निघायच्या आठवडाभर आधी.

नेहमीचा सिलिंडर २० पौंडांचा. त्याच्या कॉलरवर ठोकलेले आकडे वाचा. टीडब्ल्यू म्हणजे रिकाम्या सिलिंडरचं वजन, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. जवळच उत्पादनाचा महिना आणि साल. त्याला १२ वर्षं झाली असतील आणि फेरतपासणीचा शिक्का नसेल, तर त्यात गॅस भरून घेऊ नका. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून मिळणाऱ्या सिलिंडरात बऱ्याचदा १५ पौंडच गॅस असतो. समोर भरून देणाऱ्या ठिकाणी गेलात तर पूर्ण २० मिळतो. भारतवारीच्या बॅगा तोलायचा हातकाटा घरात असतोच. तो सिलिंडरच्या कडीत अडकवून उचला. ३७ पौंड दिसले तर भरलेला, ३२ दिसले तर पाच पौंड कमी. दोन हजार वॅट वर्गाचा इन्व्हर्टर जनरेटर पाव लोडवर तासाला साधारण ०.६ पौंड प्रोपेन खातो, म्हणजे त्या पाच पौंडांत आठ तासांची वीज गेली. एक पौंडाचे हिरवे डबे स्टोव्हला ठीक, जनरेटरला नकोत: दीडेक तासात संपतात, आणि त्याआधीच गारठून त्यांचा दाब पडतो.

आता जोडणी. नळीच्या टोकाचा प्लास्टिकचा मोठा नट हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी निम्मं-निम्मं करून ब्रशने नट, रेग्युलेटर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा आणि व्हॉल्व्ह उघडून मिनिटभर निरखा. बारीक बुडबुडे फुगत राहिले तर व्हॉल्व्ह बंद करा, सील बघा, चिरलेली नळी टाकून द्या. काडी पेटवून गळती शोधू नका. व्हॉल्व्ह उघडताना घाई नको. तो एकदम फिरवला की जोडणीतल्या सुरक्षा-यंत्रणेला वाटतं नळीच फुटली, आणि ती प्रवाह आवळून धरते. मग इंजिन सुरू तर होतं, पण लोड घेताच गुदमरतं. अशा वेळी स्पार्क प्लग काढत बसू नका. व्हॉल्व्ह बंद करा, नट सोडवा, दोन मिनिटं थांबून पुन्हा जोडा आणि अगदी सावकाश उघडा. नळीत हवा असल्यामुळे सुरू करायच्या दोरीच्या पहिल्या दोन-तीन ओढींना इंजिन धरत नाही, ते नेहमीचंच.

वॅटांचा हिशेब कागदावर मांडा. पेट्रोलवर १८०० वॅट सतत देणारं यंत्र प्रोपेनवर साधारण १६०० देतं. चढ चढलात की दर हजार फुटांना आणखी तीन-साडेतीन टक्के गळतात. यूरे गाव ७,८०० फुटांवर आहे. तिथे तुमच्या हाती साडेअकराशे-बाराशे वॅट उरतात, आणि इंजिनियर पासच्या वाटेवर, १२,८०० फुटांकडे, त्याहून कितीतरी कमी. एवढ्यात गाडीतला कॉम्प्रेसरचा फ्रिज, बॅटरीचा चार्जर आणि झोपेत श्वासासाठी लागणारं सीपॅप यंत्र आरामात चालतं. १००० वॅटचा इन्स्टंट पॉट एकट्याने चालतो, सोबत दुसरं काही लावू नका. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी चालणार नाही. पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सरही नाही, कारण अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची. खरं तर चहा आणि खिचडी सरळ गॅसच्या शेगडीवरच करावी. हलक्या लोडवर प्रोपेनच्या उष्णतेचा जेमतेम आठवा हिस्सा विजेत उतरतो. ती वीज पुन्हा तापवण्यात घालवणं म्हणजे भरलेला सिलिंडर वाया घालवणं. हे सगळं घराच्या अंगणात एकदा तासभर, नेमका तोच लोड लावून चालवून बघा. इको मोडवर, म्हणजे कमी लोडला इंजिन मंद फिरत असताना, अचानक लोड आला की इंजिन बसत असेल, तर तो मोड बंद ठेवायचा हे इथेच कळेल.

नव्या इंजिनाचं पहिलं तेल २०-२५ तासांनी बदला. लहान इंजिनात तेल बसतं जेमतेम ३५०-४०० मिली, त्यामुळे थोडं कमी झालं तरी सेन्सर इंजिन थांबवतो. उतारावर ठेवलं तर तेल पुरेसं असूनही थांबवतो. म्हणून एक सपाट फळी सोबत घ्या. मोॲबची धूळ मैद्यासारखी बारीक असते, एअर फिल्टर रोज उघडून झटका. जादा स्पार्क प्लग, त्याचा पाना, अर्धा लिटर तेल, नरसाळं, १२ गेजची ५० फुटी एक्स्टेन्शन वायर आणि सायलेन्सरवरची ठिणगीरोधक जाळी साफ करायला तारेचा ब्रश, एवढं एका डब्यात भरा. वणव्याच्या मोसमात त्या जाळीशिवाय जंगलखात्याच्या जमिनीवर जनरेटर लावू नका.

प्रवासात सिलिंडर उभाच, पट्ट्याने करकचून बांधलेला, शक्यतो गाडीच्या बाहेर. नळी आणि रेग्युलेटर काढून ठेवा, खडबडीत रस्त्यावर लोंबकळत राहिले की सांध्यात मोडतात. न्यू जर्सीहून दक्षिणेला निघणाऱ्यांनी हे आधीच पाहावं: बाल्टिमोरच्या आय-९५ आणि आय-८९५ बोगद्यांत १० पौंडांवरचा प्रोपेन सिलिंडर चालत नाही, आणि २०२४ मध्ये तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळल्यामुळे आय-६९५ हा वळसा-रस्ता पश्चिमेच्या बाजूनेच धरावा लागतो.

मुक्कामी पोचल्यावर जनरेटर तंबूपासून किमान २० फूट दूर, धुराचं तोंड तंबूच्या उलट दिशेला आणि वारा जिकडे जातो त्या बाजूला. प्रोपेन स्वच्छ जळतो म्हणून तो छपराखाली किंवा ट्रेलरच्या आडोशाला चालेल, या समजुतीने माणसं मरतात. त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रवासाचा शीण समजून माणूस झोपून जातो. झोपायच्या जागी सेलवर चालणारा अलार्म लावा, घरून निघतानाच बटण दाबून वाजवून बघा. झोपताना जनरेटर बंद, सीपॅप बॅटरीवर. सिलिंडर खड्ड्यात ठेवू नका, प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर तिथेच साचतो. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, शिवाय जनरेटरच्या वेळा प्रत्येक कॅम्पग्राउंडवर वेगळ्या, फलक वाचा.

थंड पहाटे इंजिनाचा आवाज वर-खाली होत असेल तर सिलिंडरला हात लावून बघा. बाहेरून दव गोठून पांढरी रेघ दिसेल, आतलं द्रव तिथवर आहे. द्रवाची वाफ होताना सिलिंडर गारठतो, गॅस जितका कमी उरलेला तितका लवकर. कोमट पाण्याच्या बादलीत उभा करा, नाहीतर लोड कमी करा. ज्योत किंवा धुराचं तोंड जवळ नेऊ नका.

निघताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप थांबू द्या. वीस मिनिटं निवलं की नळी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर प्लास्टिकचं बूच बसवा.